द्रौपदीची खोली

माझ्या बहिणीच्या थोरल्या दिरांइतका प्रश्नांचा शौकीन माणूस मी दुसरा पाहिला नाही. प्रश्न म्हणजे दुसऱ्यानं विचारलेला, आणि तोही त्यांनाच. उत्तर ठाऊक असणं किंवा नसणं ही त्यांच्या लेखी किरकोळ बाब होती. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते वकिली करत. कोर्टात त्यांचं फारसं कोणी ऐकून घेत नसावं, कारण कोर्टाबाहेर भेटेल त्याला धरून ते त्याची कसर भरून काढत. अंगानं भरदार, आवाजानं त्याहून भरदार, डोक्याला पगडी, कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ, आणि चेहऱ्यावर सदैव असा भाव, की समोरचा माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात उभा आहे आणि खोटं बोलतो आहे.

सन पस्तीसच्या आसपासची ही गोष्ट. लग्न होऊन मी नाशकात आले त्याला चार वर्षं झाली होती. आमचे हे शाळेत मास्तर, तिवंध्याजवळ दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आणि मी चोवीस वर्षांची. एक दिवस वकीलसाहेबांचं कार्ड आलं. मजकूर असा, की तुमची बहीण दुखण्यातून उठली आहे, तिला हवापालट हवा आहे. मंगळवारी संध्याकाळी घेऊन येतो, बुधवारी दिवसभराचा खाजगी टांगा करून तिला एका दिवसात सगळं नाशिक दाखवतो, आणि संध्याकाळच्या गाडीनं परततो, कारण गुरुवारी सकाळी कोर्टात तारीख आहे.

मी ते कार्ड तीनदा वाचलं आणि शेजारणींना दाखवत सुटले. ताई सत्ताविसाव्या वर्षी विधवा झाली होती. नवरा गेला, पाठोपाठ तिलाच विषमज्वर झाला, आणि सहा महिने ती अंथरुणातून उठली नाही. मला वाटलं, चला, एवढ्या मोठ्या घरात एकाला तरी तिची दया आली.

मंगळवारी संध्याकाळी ती आली. अंगावर पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, पदराखाली केसांचा जेमतेम अंबाडा. हातात एक लहान पिशवी. वकीलसाहेब आल्याआल्या आमच्या ह्यांना अंकगणित कसं शिकवावं ते समजावून देऊ लागले. मी ताईला आत नेऊन चहा करते आहे, तोच दारात उपाध्यायांचा माणूस आला.

"निरोप आहे," तो म्हणाला. "न्हावी उद्या साडेदहाला रामकुंडावर येईल. बाईंनी तोवर पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. आणि बाराच्या आत उरकायचं. बारा वाजून गेले तर न्हावी हात लावणार नाही."

मला आधीच सगळं ठाऊक असणार असं धरून तो निघूनही गेला.

मी तशीच बाहेरच्या खोलीत गेले. "भाऊजी, उद्या न्हावी कशाला?"

प्रश्न! त्यांचा चेहरा उजळला. मांडी बदलून त्यांनी मला शास्त्र सांगितलं. वर्षश्राद्ध तोंडावर आलं आहे. सकेशा विधवेच्या हातचं पाणी पितरांना चालत नाही. आजारामुळे वपन, म्हणजे डोकं भादरणं, राहून गेलं. गावातला म्हातारा न्हावी वारला, आणि त्याच्या पोरांनी हात जोडून सांगितलं, की वकीलसाहेब, दुसरं काय ते काम सांगा, हे आमच्याकडून व्हायचं नाही. काळच तसा आला आहे. म्हणून क्षेत्राच्या ठिकाणी आणली.

"मग सकाळचा टांगा कशाला?"

"अहो, एकदा वपन झालं म्हणजे तिला चारचौघांत हिंडवता येईल का? म्हणून म्हटलं, आधी डोळे भरून सगळं पाहून घेऊ दे बिचारीला."

दुष्ट माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांचा मला फारसा राग येत नाही. पण हा गृहस्थ एवढं बोलून थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला दयाळू म्हणावं म्हणून! त्या क्षणी त्यांच्याबद्दल मला जे वाटलं, ते आज वीस वर्षांनीही तसंच ताजं आहे, आणि ते कमी व्हावं अशी माझी बिलकूल इच्छा नाही.

आमच्या ह्यांनी नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं, "आपण विचार करू." माझे यजमान फार भले गृहस्थ. घराला आग लागली तरी ते आधी विचार करतील. विचार करतकरत ते झोपले आणि सकाळी जेवणाचा डबा घेऊन सकाळच्या शाळेला निघून गेले.

पहाटे न्हाणीघराशी मी ताईला धरलं. "तुला माहीत होतं?"

"जाऊबाईंना आलवण पिशवीत घालताना पाहिलं होतं," ती म्हणाली. आलवण म्हणजे वपन झालेल्या बाईनं नेसायचं तांबडं लुगडं.

"मग आलीस कशाला?"

"न येऊन जाऊ कुठं? मी नाही म्हटलं तर घरात ठेवणार नाहीत, असं जाऊबाईंना स्पष्ट सांगितलंय त्यांनी. मग तुझ्या दारात येऊन पडू? दोन खोल्या तुझ्या."

"नाही म्हणूच नकोस. तू काही बोलू नकोस. बारा वाजले की न्हावी जातो. संध्याकाळी भाऊजींना गाडी गाठायचीये. आज झालं नाही तर झालं नाही."

"बारा कसे वाजतील?"

"वाजवीन मी."

ताई माझ्याकडे बघत राहिली. "लहानपणीही तू अशीच होतीस."

"अशी म्हणजे?"

"अशी म्हणजे अशीच," असं म्हणून तिनं तोंडावर पाणी मारलं. हसली की काय ते मला कळलं नाही.

सहाला टांगा आला. टांगेवाला म्हातारा मुसलमान, दाढी मेंदीनं रंगवलेली. पेठेत सगळे त्याला चाचा म्हणत. वकीलसाहेब पुढे चाचाशेजारी बसले, आम्ही दोघी मागे पाठमोऱ्या. इथं एक रीत सांगायला हवी. त्यांच्या घरी थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नसे. बारा वर्षं एका घरात राहून ते तिच्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते. जे सांगायचं ते तिसऱ्याला. आज तिसरी मी.

"तुमच्या बहिणीला सांगा, पदर सांभाळावा. वारा आहे."

ताई एका हाताच्या अंतरावर बसलेली. मी मान वळवून म्हणे, "ताई, पदर सांभाळ. वारा आहे." एवढ्यानं त्यांचं समाधान होई.

आधी पांडवलेणी. मुंबईच्या रस्त्यानं अडीच कोस. थंडीचे दिवस, धुकं. गाव मागं पडलं आणि मी पहिला खडा टाकला. "भाऊजी, गोदावरीला गंगा का म्हणतात हो?" लेण्यांच्या पायथ्यापर्यंत ते संपलं नाही. गौतमऋषी झाले, गाय झाली, भगीरथही मध्येच येऊन गेला. चाचा घोड्याला चालीवर ठेवून शांतपणे ऐकत होता. एकदा म्हणाला, "वकीलसाब, आमी हितंच जन्मलो, पन येवढं नाय म्हाईत आमाला." हे तो कौतुकानं म्हणाला की कसं ते मी कधीच ठरवू शकले नाही. वकीलसाहेबांना मात्र ते ठरवायची गरज वाटली नाही.

डोंगराची चढण चढताना त्यांना चार वेळा बसावं लागलं. मधूनमधून दम आवरून ते मला माहिती देत. वर पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते. आमच्या ह्यांनी मला ही लेणी दाखवली तेव्हाच सांगितलं होतं, की ती बौद्ध भिक्षूंच्या राहण्याची आहेत. भिंतींत कोरलेल्या खोल्या त्यांच्या, आणि मूर्ती बुद्धाच्या. पण वकीलसाहेबांनी पहिल्याच मोठ्या मूर्तीकडे काठी रोखली.

"हा धर्मराज."

"डोळे मिटलेत," मी म्हणाले.

"विचारात आहे."

"आणि हे बाजूचे?"

"हा भीम. हा अर्जुन."

"भीम केवढा बारीक, नाही?"

"वनवासात होते ते," वकीलसाहेब म्हणाले.

तिथं मला कळलं, की आज देव माझ्या बाजूचा आहे. मी पदर खोचला. "भाऊजी, पाचही भाऊ इथंच राहिले ना? मग त्यांच्या खोल्या कुठल्या?"

त्यांनी खोल्या वाटायला सुरुवात केली. धर्मराजाला सर्वांत मोठं लेणं, कारण थोरला. भीमाला रुंद दाराचं. अर्जुनाला उजेडाचं, कारण बाण तासायला उजेड लागतो. नकुल-सहदेवांना त्यांनी एकत्र घातलं. वारसाहक्काचा दावा निकाली काढावा तशी ही वाटणी चालली होती. आणि प्रत्येक खोली ठरवायची म्हणजे आधी त्या लेण्यापर्यंत चालत जायचं, आत जाऊन बघायचं, बाहेर यायचं. लेणी दोन डझनभर तरी असतील. मी एकही सोडली नाही.

"आणि द्रौपदीची खोली?"

वकीलसाहेब थबकले. नाही म्हणणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. "ती... पलीकडे."

पलीकडे गेलो. तिथं आत वटवाघळं होती. "इथं नव्हे," ते म्हणाले. पुन्हा अलीकडे आलो. एका लेण्यात पाण्याचं टाकं होतं, ते त्यांना पसंत पडलं, पण मी म्हटलं, "हे तर स्वयंपाकघर असणार, पाणी जवळ." ते त्यांना पटलं. मग स्वयंपाकघराजवळ द्रौपदीची खोली असायला हवी, या तर्कानं आम्ही शेजारची तिन्ही लेणी आतून-बाहेरून पाहिली. एकाला ओसरी नव्हती, एकाचं दार फार ठेंगणं होतं. तिसऱ्यात ते ताईकडे न बघता मला म्हणाले, "तुमच्या बहिणीला दाखवा. ही द्रौपदीची."

"ताई, ही द्रौपदीची."

ताईनं आत डोकावून पाहिलं. मग एकदम विचारलं, अर्थात मला: "आणि कुंतीची?"

मी तिच्याकडे बघितलं. चेहरा अगदी गरीब गाईसारखा. तो प्रश्न मी रीतीप्रमाणे पुढं पोचवला, आणि कुंतीसाठी आम्हांला अर्धा तास लागला. कुंती वनवासात पांडवांबरोबर नव्हतीच, हे त्यांना अगदी शेवटी आठवलं. चुकलो असं म्हणण्याऐवजी त्यांनी, ती मधूनमधून येऊन राहत असे, असा निर्णय दिला आणि तिलाही एक खोली देऊन टाकली.

खाली उतरलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. घोडा चंदी खात होता. वकीलसाहेबांनी घड्याळ काढलं, म्हणाले, "तपोवन करू आणि मग रामकुंड. वेळ आहे."

"आहे ना," मी म्हणाले.

चाचानं घोड्याला पाणी पाजलं. मग नाल बघितला. मग दुसऱ्या पायाचा बघितला. मी त्याला काही सांगितलं नव्हतं; पण मागे बसलेल्या दोन बायकांमधली एक उपाशी आहे आणि तिच्या पिशवीतून तांबडं लुगडं डोकावतंय, हे पाहायला त्याला माझी गरज नव्हती. "वकीलसाब, जनावर मुकं असतं," एवढंच तो म्हणाला. वकीलसाहेबांनी त्याला लगेच घोड्यांच्या जातींविषयी सांगितलं.

गावातून, पुलावरून, पंचवटी ओलांडून तपोवनात आलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. शांत जागा. कपिला नदी इथं गोदेला मिळते. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते इथंच, असं वकीलसाहेबांनी टांग्यातून उतरायच्या आतच सांगितलं.

"कापलेलं नाक पडलं कुठं, भाऊजी?"

त्यांनी काठी टेकली. डोळे बारीक करून जागेची पाहणी केली. लक्ष्मण कुठं उभा असेल, शूर्पणखा कुठून आली असेल, तिची उंची, तलवारीची दिशा, हा सगळा पुरावा तपासून त्यांनी एका खडकाकडे बोट केलं. "तिथं."

झाडाखाली एक बैरागी चिलीम ओढत बसला होता. तो उठला. "वकीलजी," तो म्हणाला, "नाक उधर गिरी. उस पार."

मला त्या बैराग्याच्या पाया पडावंसं वाटलं.

दोन जाणकार समोरासमोर आले म्हणजे काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. वकीलसाहेबांचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त मोठ्यानं. बैरागी तर रामाचा सख्खा शेजारी असल्यासारखा बोलत होता. नदीचं पात्र त्या काळी कुठं होतं, यावर आधी खल झाला. मग वकीलसाहेबांनी विचारलं, तुला कोणी सांगितलं? बैरागी म्हणाला, गुरूनं. गुरूला कोणी? गुरूच्या गुरूनं. "ऐकीव पुरावा!" वकीलसाहेब गरजले. बैराग्याला तो शब्द शिवीसारखा वाटला असावा, कारण त्यानंही चिमटा आपटून काहीतरी सांगितलं. भोवती दहा-पंधरा यात्रेकरू जमले. त्यांतले निम्मे अलीकडच्या काठाचे झाले, निम्मे पलीकडच्या. आम्ही दोघी एका दगडावर बसून बघत होतो.

"किती वाजले असतील?" ताईनं हळूच विचारलं.

"अकरा तरी."

"मला चक्कर येतेय गं."

तेवढ्यात कुणीतरी यात्रेकरूनं मध्यस्थी करून म्हटलं, "सोडा हो, अकरा वाजून गेले, उन्हं चढली." वकीलसाहेबांचा हात खिशात गेला. घड्याळ पाहिलं आणि त्यांचं तोंड उतरलं. सव्वाअकरा.

"चला! चला! टांगा काढ!"

"भाऊजी, सीतागुंफा राहिली!"

"सीतागुंफा नंतर."

"पण भाऊजी, पाच वड ते कुठले, मूळचे की..."

"नंतर म्हटलं ना!"

प्रश्नाला उत्तर न देण्याची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. माझं शस्त्र एका क्षणात बोथट झालं. ते स्वतः लगामाला हात घालू लागले तेव्हा चाचानं तो आवरून घेतला. पण तो मेला घोडा! सकाळपासून गोगलगाईसारखा चाललेला, त्याला नेमकं तेव्हाच स्फुरण चढलं. अकरा पस्तीसला आम्ही रामकुंडावर.

छत्रीखाली उपाध्याय बसले होते. जरा बाजूला, भिंतीच्या सावलीत, धोकटी पुढं ठेवून न्हावी बसला होता. साडेदहापासून तो तिथंच होता आणि तसं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"या, या," उपाध्याय म्हणाले. "अजून पंचवीस मिनिटं आहेत. पुष्कळ झाली."

सकाळपासून मी जे काही केलं होतं, ज्याचा मला मनातून मोठा आनंद होत होता, त्याची किंमत पंचवीस मिनिटांनी शून्य झाली. वकीलसाहेबांनी पिशवीतून आलवण काढून कट्ट्यावर ठेवलं. मला म्हणाले, "तुमच्या बहिणीला सांगा, पायरीवर बसून राहावं. संकल्प झाला की बोलावतो."

मी सांगितलं नाही. तिनं ऐकलंच होतं. ती दोन पायऱ्या उतरून बसली.

उपाध्यायांनी पळी-पंचपात्र मांडलं, संकल्प सुरू केला. संवत्सर, अयन, ऋतू, मास. गोत्राच्या ठिकाणी वकीलसाहेबांनी त्यांना थांबवलं. प्रवरांचा क्रम चुकला, म्हणे. उपाध्याय म्हणाले, आमच्या पोथीत असाच आहे. वकीलसाहेब म्हणाले, पोथी चुकली. उपाध्यायांचा आवाज चढला. तीस वर्षं तुमच्या घराण्याचं करतो आहे. "मग तीस वर्षं चुकीचं करता आहात," वकीलसाहेब म्हणाले. मी देवाला म्हटलं, चालू दे, चालू दे. पण पाच-सात मिनिटांपलीकडे ते भांडण पुरणार नाही, हे मला दिसत होतं. उपाध्याय मुरलेले होते. यजमानाला कधी खरं म्हणून मोकळं व्हायचं, हे त्यांना बरोबर कळत होतं.

ताईच्या शेजारच्या पायरीवर खेड्यातलं एक कुटुंब शिदोरी सोडून बसलं होतं. निफाडकडचे शेतकरी असावेत. म्हातारी, तिचा लेक, सून. फडक्यात बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी, कांदा. म्हातारी ताईकडे टकामका बघत होती.

"कुठल्या गं माय तुमी?"

ताईनं गावाचं नाव सांगितलं.

"तोंड पार सुकलंय तुजं. खाल्लंस का काय?"

ताईनं मान हलवली.

"मंग घे की. लय हाये." म्हातारीनं अर्धी भाकरी मोडली, त्यावर चटणी घातली आणि तिच्यापुढे धरली.

माझ्या डोक्यात तो सगळा दिवस फक्त घड्याळ होतं. खाण्याचा विचार मला शिवलासुद्धा नव्हता. तिनं पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरीही. आणि सुचलं असतं तरी, नदीच्या काठावर, चारचौघांत, कुणब्याच्या हातची भाकरी? आमच्या घरात वाढलेल्या बाईला असं काही सुचत नसे. ताईला सुचलं, की नुसती भूक लागली होती, ते मी तिला पुढं कधी विचारलं नाही. तिनं हात पुढं केला, भाकरी घेतली, आणि घाई न करता, नीट मोडून, चटणी लावून खायला लागली.

आधी उपाध्यायांनी पाहिलं. "थांबा," ते म्हणाले. "बाई जेवताहेत."

वकीलसाहेब वळले. मग ते पायरीशी आले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा ताईशी थेट बोलले.

"हे काय चालवलं आहेस तू?"

ताईनं तोंडातला घास गिळला. वर बघून म्हणाली, "भूक लागली होती, भाऊजी."

"मंग!" म्हातारी म्हणाली. "भुकेल्या मानसाला कुनी आडवतं का, दादा? तुमीबी घ्या चतकोर."

आजूबाजूचे दोन-चार लोक हसले. वकीलसाहेबांनी त्या चतकोराकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. जन्मात प्रथमच कोणीतरी त्यांना असं काही विचारलं होतं, ज्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

उपाध्याय पंचपात्र आवरू लागले होते. मघाचं भांडण त्यांच्या मनात असावं, कारण ते फार गोड आवाजात बोलले. "भोजनोत्तर क्षौर होत नाही. आज काही होणे नाही. आणि हे अन्न पोटात गेलं आहे, तेव्हा प्रायश्चित्त झाल्याशिवाय उद्याही नाही. पोथी काढून दाखवू का? अर्थात आमची पोथी चुकते म्हणा."

"सकाळ फुकट गेली," न्हावी धोकटी बांधत म्हणाला. जाताना त्यानं ताईकडे पाहिलंसुद्धा नाही. पलीकडे कुणा यात्रेकरूची दाढी करायला जाऊन बसला.

वकीलसाहेब माझ्याकडे वळले. त्यांना आता पुन्हा तिसऱ्या माणसाचा आधार हवा होता. "तुमच्या बहिणीला सांगा, माझ्या उंबऱ्याच्या आत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. असल्या बाईला मी घरात घेणार नाही."

एवढं बोलून ते थांबले. ती पाया पडेल, रडेल, प्रायश्चित्त घेते म्हणेल, म्हणून थांबले. मलाही तेच वाटत होतं. माझ्या दोन खोल्या, ह्यांचा पगार, जन्मभराचा प्रश्न, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. मी तर फक्त एक दिवस चुकवायला निघाले होते.

ताईनं हाताला लागलेली चटणी पाण्यात धुतली, पदराला हात पुसला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजींना सांग, बरं."

"भाऊजी, बरं," मी म्हणाले.

टांगा दिवसभराचा ठरलेला होता आणि वकीलसाहेबांनी तो सोडला नाही. आम्हांला पायी घरी जायला सांगून ते सीतागुंफा पाहायला गेले. नंतर चाचानं मला सांगितलं, की उरलेलं सगळं नाशिक त्यांनी एकट्यानं पाहिलं आणि प्रत्येक ठिकाणी चाचाला माहिती दिली. बोहारपट्टीतल्या दुकानातून त्यांनी एक तांब्याही विकत घेतला. संध्याकाळी आमच्याकडे आले ते फक्त आपली वळकटी न्यायला. ताईची पेटी, दागिने, तिच्या नवऱ्याचा फोटो, सगळं गावी त्यांच्या घरात होतं आणि ते तिथंच राहिलं. कायदा त्यांना चांगलाच येत असे, जिथं त्यांच्या कामाचा असेल तिथं.

हे शाळेतून आले तेव्हा मी दारातच त्यांना सगळं सांगितलं. "विचार करू" म्हणतील, अशी मी वाट बघत होते. ते आत गेले, ताई भाजी चिरत होती तिकडे पाहिलं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "शेजाऱ्यांकडे एक जादा खाट आहे. मागून आणतो." आणि गेलेसुद्धा.

पंधरा दिवसांनी गावाहून पत्र आलं. चार पानांचं, मुद्द्यांना आकडे घातलेलं. प्रायश्चित्त घेऊन, वपन करून येत असल्यास मी घरात घेण्याचा विचार करीन. घराण्याची अब्रू, शास्त्र, लोक काय म्हणतात, वर्षश्राद्ध कसं पार पडलं, आणि शेवटी त्यांच्या दयाळूपणाबद्दल एक परिच्छेद. आमचे हे उत्तर लिहायला बसले, तीनदा खोडलं. ताईनं त्यांच्या हातून टाक घेतला. तिचं अक्षर लहान मुलासारखं, मराठी चौथीपर्यंतचं. तिनं एका कार्डावर लिहिलं, की पत्र पावलं, मी इथं बरी आहे, येत नाही.

ह्यांची पत्रं कोटाच्या खिशात महिना-महिना राहतात. म्हणून ते कार्ड मी स्वतः जाऊन पेटीत टाकलं.